उपवासाला चालणारं प्रोटीन

आमच्या कॉलेजातली मुलं साधनाला 'तुरट मॅडम' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही असा माझा संशय आहे. स्वभावानं बाई तुरट मुळीच नाही. कॉपी करताना सापडलेलं पोर रडायला लागलं तर त्याला पाणी नेऊन देणारी ती, आणि मग मला वर्गावर पुन्हा दरारा बसवावा लागतो. नाव पडलं ते तिच्या संशोधनामुळं. ती बायोकेमिस्ट्री शिकवते, मी इतिहास. आम्ही दोघी नाशिकला पाथर्डी फाट्याकडं राहतो आणि तिच्या गाडीतून एकत्र जातो-येतो, म्हणून तिच्या विषयातलं मला जरा जास्तच कळतं. कळून घ्यावं लागतं, कारण सिग्नलला गाडी थांबली की बाई सुरू होते.

जांभूळ खाल्लं किंवा डाळिंबाची साल चुकून दाताखाली आली की जीभ ओढल्यासारखी होते. ती एक चव आहे असं मला जन्मभर वाटत आलं होतं. साधनाचं म्हणणं, ती चवच नव्हे. आपल्या लाळेत प्रोटीनं असतात, तीच तोंड ओलं आणि बुळबुळीत ठेवतात. सालीतलं टॅनिन आलं की ते या प्रोटीनांना धरतं, त्यांच्या गुठळ्या करतं, आणि तोंडातलं वंगणच निघून जातं. कुठलं प्रोटीन कशाला धरतं, किती घट्ट धरतं आणि कशानं सोडतं, एवढ्या एका प्रश्नावर ती नोकरी लागल्यापासून बसून आहे. आमचे प्राचार्य खुर्चीला किती घट्ट धरून आहेत ते मोजता येईल का, असं मी एकदा विचारलं. ती गंभीरपणे म्हणाली, आधी पाण्यात विरघळवून बघावं लागेल.

स्टाफरूममधल्या आम्हा सगळ्यांच्या जिभा तिनं कामाला लावल्या आहेत. मधल्या सुट्टीत ती छोटे छोटे पेले घेऊन येते आणि आम्ही तिला सांगायचं की हा जास्त तुरट का तो. भूगोलाचे सर तर डबा खाण्याआधीच तिची वाट बघतात. एका वर्षी ते पेले सगळे लाल झाले. त्या वर्षापासून तिचं संशोधन डाळिंबावर आलं, आणि डाळिंबावर आलं ते तिच्या सासऱ्यांमुळं.

तिचे सासरे मोतीराम, घरातले आणि गावातलेही आबा. सिन्नरच्या पुढं आत त्यांची डाळिंबाची बाग आहे. नवरा ज्ञानेश सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, नाशिकहून रोज जाऊन-येऊन करतो. सासूबाई आता नाहीत. आबा गावात एकटेच राहतात आणि त्यांचं बरं चाललेलं असतं. बागेत दर हंगामाला काही फळं तडकतात. तडकलेलं डाळिंब आतून कितीही गोड असलं तरी बाजारात त्याला कुणी विचारत नाही. साधनाला वाटलं, याचा रस करावा. दाणे सोडत बसलं तर दिवस पुरत नाही, म्हणून फळ सालीसकट दाबायचं. आणि साल दाबली की सालीतलं टॅनिन रसात उतरणार, रस तोंडात धरवणार नाही इतका तुरट होणार. तिच्या प्रश्नाला तिला घरचंच फळ मिळालं.

आबांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ते माळकरी. मिसरूड फुटायच्या वयात गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस-मच्छी नाही, अंडं नाही, अंडं पडलेला केकसुद्धा नाही. कांदा मात्र खातात. लासलगावच्या इतक्या जवळ राहून कांदा सोडला तर देवालाही ते पटणार नाही, असं ते म्हणतात. परक्या घरी, हॉटेलात, लग्नात, कुठंही ताट पुढं आलं की ते आधी विचारतात, "यात काय घातलं?" अगदी साध्या सुरात, ज्यानं वाढलं त्याच्याकडं बघून. समोरचा म्हणाला, काही नाही, की ते निवांत जेवायला लागतात. वास घेत नाहीत, चिवडून बघत नाहीत. मी एकदा त्यांना म्हटलं की आबा, लोक खोटंही सांगतात. ते म्हणाले, मग ते त्याच्या खात्यावर. मला ही वागण्याची रीत भाबडी वाटली होती, आणि मी तसं साधनाला बोलूनही दाखवलं होतं.

रसातला तुरटपणा काढायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे जिलेटिन. जगभर तेच वापरतात. जिलेटिन हेही प्रोटीनच, लांबलचक दोरीसारखं, आणि टॅनिनला धरायला त्याच्यावर जागोजाग सोयीच्या जागा. चिमूटभर टाकलं की रस गढूळ होतो, मग गाळ तळाला बसतो आणि वर निवळशंख लाल रस उरतो. तो गाळून घ्यायचा. साधनानं पहिल्यांदा तसा रस केला तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टाफरूममध्ये पेले चाटूनपुसून रिकामे केले. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून करतात, हे तिनं पेले देण्याआधीच सांगितलं होतं, आणि संस्कृतच्या बाई त्या दिवशी नुसत्या बघत बसल्या होत्या. मला काही वाटलं नाही. मी अंडी खाते, आणि जिलेटिन तर औषधाच्या कॅप्सूलमधूनही रोज खाते.

त्याच आठवड्यात आबा डोळे दाखवायला नाशिकला आले. एकादशी होती. साधनानं त्यांना रस दिला तो साधा, नुसता फडक्यातून गाळलेला. आबांनी एक घोट घेतला, डोळे बारीक केले आणि चांगला आहे म्हणाले. आता, साधना लग्न होऊन या घरात आली त्याला इतकी वर्षं झाली, पण सून नेमकं काय करते हे आबांना कधी उमगलं नव्हतं. गावात कुणी विचारलं तर ते सांगायचे, दिवसभर बाटल्या हलवते. थट्टेत सांगायचे, पण तिला ते लागायचं. ज्ञानेशच्या कारखान्यातल्या मशीनचं कौतुक ते वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत करत, आणि हिच्या बाटल्यांचं हसू. त्या दिवशी त्यांचं वाकडं झालेलं तोंड बघून तिच्यानं राहवलं नाही. फ्रीजमध्ये दुसरी बाटली होती. तिनं ती उघडली आणि पेला भरून पुढं केला.

आबांनी पेला हातात घेतला आणि विचारलं, यात काय घातलं?

साधना म्हणाली, "काही नाही आबा. जे घातलं होतं ते खाली बसलं."

हे वाक्य मी तिच्या तोंडून पुढं इतक्यांदा ऐकलं की मला ते पाठ आहे. आबा प्यायले. प्याल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, याला म्हणायचं रस. मग तिच्याकडं बघून म्हणाले की म्हणजे तू हे करतेस होय, आणि आम्ही आपलं काहीबाही समजत होतो. दुसऱ्या दिवशी गाडीत तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती गाणं म्हणायची तेवढी बाकी होती. जिलेटिनचं काय, असं मीच विचारलं. ती म्हणाली, अगं ते गाळात गेलं, वर रसात नुसतं डाळिंब. मीही मान डोलावली. जाताना आबा उरलेल्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन गेले होते.

त्या बाटल्या त्यांनी स्वतःसाठी नेल्या नव्हत्या. गावात चिमाजी म्हणून त्यांचा मित्र होता. दोघांनी एकाच दिवशी, एकाच महाराजांच्या हातून माळ घातलेली, बांधाला बांध लागून शेती. चिमाजीच्या घशाला असाध्य दुखणं झालं होतं आणि गिळणं बंद होत आलं होतं. दूध उलटायचं, पाण्यानं ठसका लागायचा. साधनाचा रस मात्र चमच्या-चमच्यानं खाली उतरला. आबा रोज संध्याकाळी त्याच्या खाटेशी बसून स्वतःच्या हातानं त्याला पाजत. चिमाजीनंही आधी विचारलं होतं म्हणे, खुणेनंच, की यात काय आहे. आबांनी सांगितलं, माझ्या सुनेनं केलाय, काही नाही यात. बाटल्या संपल्या आणि ज्ञानेशबरोबर साधनानं आणखी पाठवल्या. त्याच, जिलेटिनच्या. कुणासाठी जातात ते तिला माहीत नव्हतं. आबांना आवडल्या म्हणून ती हरखून गेली होती.

मग चिमाजी गेला. आबांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी कॉलेजच्या आवारात गाडीत बसत होतो. तिनं फोन स्पीकरवर टाकला, कारण आबा नेहमी मलाही रामराम घालतात. त्या दिवशी रामराम झालाच नाही. आबा रडत होते. म्हणाले, पोरी, शेवटाला त्याच्या तोंडात पाणी नाही गेलं, तुझा रस गेला, लय उपकार झाले तुझे. साधनानं फोन ठेवला आणि गाडी सुरू केलीच नाही. मी तिला दोनदा विचारलं की काय झालं. ती म्हणाली, तो माळकरी होता गं, आणि मी त्याला मरताना हाडं पाजली.

मी तिच्यावर चिडले. मला हे असलं स्वतःला पोखरत बसणं सहन होत नाही. एका मरणाऱ्या माणसाचा घसा ओला झाला, त्याला बरं वाटलं, आबांना समाधान मिळालं; यात पाप शोधायला निघालेली बाई विज्ञानाची म्हणवते कशी, असं मी तिला फाडफाड बोलले. शिवाय तूच म्हणालीस ना, ते सगळं गाळात बसलं? ती म्हणाली, ते बघावंच लागेल.

आणि तिनं बघितलं. त्याच खेपेचा थोडा रस तिनं कॉलेजच्या फ्रीजरमध्ये ठेवलेला होता. तिला सिद्ध करायचं होतं की वरच्या रसात जिलेटिन शून्य आहे. ते सिद्ध झालं असतं तर तिचं आबांना दिलेलं उत्तर निदान खरं ठरलं असतं. तिनं एकदा तपासलं, पुन्हा तपासलं, मग मुंबईला कुणा मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. सगळीकडून एकच उत्तर आलं. उरलं होतं. अगदी थोडं, जिभेला कधी कळणार नाही इतकं, पण उरलं होतं. मी म्हटलं, इतकंसं तर हवेतूनही जात असेल पोटात. तेव्हा तिनं मला समजावलं की एक रेणू दुसऱ्याला धरतो म्हणजे डिंकानं चिकटवल्यासारखा कायमचा धरत नाही. धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. कितीही घट्ट धरणारा असो, कुठल्याही क्षणी काही जण सुटेच असतात. "आख्खं आयुष्य मी पोरांना हेच शिकवतेय," ती म्हणाली. "शंभर टक्के काहीही खाली बसत नाही. आबांनी विचारलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं, असं मी कुणाला सांगू?"

त्यानंतर तिचं खाणं कमी झालं आणि बोलणं त्याहून कमी. सिग्नलला गाडी थांबली तरी बाई गप्प. आबांना सांगून टाकावं असं तिला रोज सकाळी वाटायचं, आणि कॉलेज येईपर्यंत मी ते तिच्या डोक्यातून काढायचे. माझं म्हणणं सरळ होतं. आबा स्वतः प्यायले ते सोड, पण सांगितलंस तर चिमाजीला काय पाजलं हे त्यांना कळेल. ते त्यांनी आपल्या हातानं पाजलंय. तुला हलकं वाटावं म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर हे कशाला घालतेस? मी बोलण्यात तिच्यापेक्षा हुशार आहे, म्हणून ती ऐकायची.

पुढं आबांनीच घोळ वाढवला. गावात हरिनाम सप्ताह बसणार होता, आठवडाभर भजन-कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला, म्हणजे काल्याचं कीर्तन आणि गावजेवण. आबांनी पंचांसमोर सांगून टाकलं की काल्याला सगळ्यांना डाळिंबाचा रस आमच्याकडून, आणि पुढं येणाऱ्या एकादशीलाही उपवासाला तोच. देवाला नैवेद्यही त्याचाच. चिमाजीच्या नावानं. माझी सून स्वतः करणार आहे. साधनाला हे ज्ञानेशनं कौतुकानं सांगितलं. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि कारण काय सांगावं ते न सुचून मिटलं.

तेव्हापासून सप्ताहापर्यंत तिनं जे काम केलं तसं मी कुणाला करताना पाहिलेलं नाही, आणि तिच्याइतकं वाईट तोंड करून तर कुणालाच नाही. तिला जिलेटिनची जागा घेणारं दुसरं प्रोटीन हवं होतं. दुधाचं चाललं असतं, पण दुधानं टॅनिनबरोबर रंगही ओढून नेला आणि रस फिका, आजारी दिसायला लागला. गव्हातल्या प्रोटीननं फार छान धरलं. ती उठून उभी राहिली आणि परत बसली, कारण एकादशीला गहू चालत नाही. हरभरा, मूग, मसूर यांचंही तेच. मी गमतीनं म्हटलं, तुझ्या शास्त्रात आता फराळाचा विभाग काढ. ती हसली नाही. तिनं खरंच तसा विभाग काढला. शेंगदाणा, राजगिरा, भगर, रताळं, बटाटा, एकेकाचं प्रोटीन वेगळं करून ती टॅनिनसमोर ठेवत गेली. बहुतेक प्रोटीनांना आपला असा अगदी मंद उजेड असतो म्हणे, यंत्रालाच दिसणारा, आणि त्याला कुणी येऊन धरलं की तो उजेड कमी होतो. ती त्या यंत्रासमोर बसून कुणाचा उजेड किती मावळतो ते बघायची.

बटाट्यानं काम केलं. बटाटा किसून पिळला की पीठ तळाला बसतं आणि वर तांबूस पाणी राहतं. बटाट्याचा कीस करताना आपण ते ओतून देतो. त्या पाण्यात हे प्रोटीन होतं. ते स्वच्छ करून, खायला निर्धोक आहे याची खात्री करून तिनं रसात घातलं, आणि स्टाफरूममध्ये आम्हाला दोन पेले दिले. जिलेटिनचा कोणता आणि बटाट्याचा कोणता ते आमच्यातल्या कुणालाही ओळखता आलं नाही. संस्कृतच्या बाईंनी या वेळी बटाट्याचे दोन पेले मागून घेतले. मी टाळ्या वाजवल्या. साधनानं पेले गोळा केले आणि म्हणाली, आधी का नाही सुचलं?

काल्याच्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. ज्ञानेश आदल्या दिवसापासून गावातच होता. आम्ही रसाचे कॅन घेऊन पोहोचलो तेव्हा मंडपात कीर्तन रंगात आलं होतं, आणि मागच्या बाजूला चुलाणांवर आमटी उकळत होती. आबा पांढरंशुभ्र धोतर-बंडी घालून आमची वाट बघत उभे होते. त्यांनी स्वतः एक कॅन उतरवून घेतला, वाटीभर रस काढला, आणि वाटी नैवेद्याच्या ताटात ठेवण्याआधी साधनाकडं बघितलं.

"यात काय घातलं, पोरी?"

त्यांच्या तोंडून ते सवयीनं आलं होतं. पण साधनाचा चेहरा किती दिवसांनी उजळला. ती म्हणाली, बटाटा घातलाय आबा, बटाट्यातलं एक प्रोटीन, त्यानं तुरटपणा धरून ठेवला आणि दोन्ही तळाला बसले. थोडं वर उरलं असलं तरी ते बटाट्याचंच. आबा खूश झाले. म्हणजे उपवासाला चालणारं, असं म्हणून मोठ्यानं हसले. मग वाटी ताटात ठेवता ठेवता, काही मनात नसताना, त्यांनी विचारलं, "मागल्या टायमाला बी बटाटाच व्हता ना?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, हे मी लपवत नाही. एक अक्षर होतं ते. पण प्रश्न मला नव्हता.

"नाही आबा," साधना म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. जिलेटिन म्हणजे काय, ते कशापासून होतं, ते रसात किती उरलं. कुठल्या जनावराचं, ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं, हेही सांगितलं. मला तिचा हात धरून तिला ओढत गाडीत नेऊन बसवावंसं वाटलं. आबा ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "म्या इचारलं तवा तुला ठावं व्हतं?" ती हो म्हणाली.

आबा कॅनशेजारी पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चिमाजीला म्या माझ्या हातानं पाजला. त्यानं इचारलं व्हतं मला." बोलून झाल्यावर त्यांनी गळ्यातली माळ डोक्यावरून काढली. इतक्या वर्षांची माळ, ती कानाशी अडकली आणि त्यांना ती सोडवता येईना. साधना पुढं झाली, तशी त्यांनी हातानंच तिला थांबवलं. माळ बंडीच्या खिशात ठेवली, खांद्यावरचं उपरणं गळ्याभोवती गुंडाळलं आणि उठले. आजचा रस निर्मळ आहे ना, एवढं पुन्हा विचारून घेतलं आणि म्हणाले, मग वाटा.

काल्याची दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. साधना ओगराळ्यानं रस वाढत होती, मी पेले पुढं करत होते, आबा शेजारी उभे होते. चिमाजीची बायको रंगूबाई पंगतीतून उठून आमच्याकडं आली. वाळलेली, लहानखुरी बाई. तिनं साधनाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग पेला हातात घेऊन आबांकडं वळली.

"भाऊ, त्यास्नी पाजला तो ह्योच ना रस?"

आबांनी उपरण्याचं टोक आवळून धरलं. साधनाचं ओगराळं हातातच राहिलं.

"ह्योच, रंगूबाई," आबा म्हणाले. "काय नाय यात. डाळिंब हाय निस्तं."

रंगूबाई म्हणाली, मग निर्मळ गेले ते. आबा म्हणाले, निर्मळ गेला. ती तिथंच उभ्यानं रस प्यायली, पेला विसळून परत दिला आणि पंगतीत जाऊन बसली. आबांना खोटं बोलताना त्या गावात कुणी ऐकलेलं नसेल. आम्ही दोघींनी ऐकलं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. साधनाचा बटाट्यावरचा निबंध एका चांगल्या नियतकालिकात छापून आला, कॉलेजनं तिचा सत्कार केला, आणि सत्काराचा नारळ तिनं गाडीत माझ्या पायाशी टाकून दिला. आबांच्या गळ्यात अजून माळ नाही. चूक घडली तर ती महाराजांना सांगायची, ते देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं आणि माळ पुन्हा घालायची, अशी रीत आहे. त्यात लाजण्यासारखं काही मानत नाहीत. ज्ञानेश वडिलांना विचारून थकला. त्याला काहीच माहीत नाही. आबा त्याला सांगतात की घालू सवडीनं.

गेल्या रविवारी साधना एकटीच गावी गेली. तिनं आबांना म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर महाराजांकडं. चूक माझी आहे, मी सांगते, तुम्ही नुसते बसा. आबा बागेत फळांना कागद बांधत होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"माझ्या गळ्यात घालतील गं परत," ते म्हणाले. "चिमाजीच्या गळ्यात कोन घालंल?"

हे तिनं मला काल गाडीत सांगितलं. सिग्नल सुटला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. साधनानं गाडी पुढं घेतली.